सहा कण आणि माझी पेटी

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा बरा आहे असं तुम्ही लिहिता आणि अजिबात बरा नाही असं मामी लिहितात. मी मामींवर विश्वास ठेवते. मी इकडे धडधाकट आहे, फक्त तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही.

आमच्या प्रयोगाने माणूस इकडून तिकडे पाठवता येईल का, असं तुम्ही विचारलं होतं. नाही येणार. एका कणाची अवस्था दूरच्या कणावर उतरते, कण जागचा हलत नाही. (मामींचा राग तुमच्या चेहऱ्यावर उतरतो आणि मामी स्वयंपाकघरातच असतात, तसं. फरक एवढाच की मूळ कणाकडे ती अवस्था उरत नाही, मामींकडे उरते.) त्यासाठी आम्ही लेसरने प्रकाशाचे सहा कण बनवून एकमेकांत गुंतवतो आणि सहाही एकाच क्षणी आले तरच मोजतो. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढण्यासारखं आहे, कोणीतरी डोळे मिटतंच. तासाला आठ वेळा जमलं तरी नशीब. महिनाअखेरपर्यंत मोजणी झाली नाही, तर आमचं प्रयोगाचं टेबल शेजारच्या गटाला जाणार आणि माझी चार वर्षं पाण्यात.

मोजणारी यंत्रं भारी हळवी. बाहेरचा उजेड शिरला तर त्यालाही आपलाच पाहुणा समजून मोजतात. म्हणून टेबलावर काळी पेटी घालावी लागते. सर म्हणाले, तयार मागवू. मी छाती पुढे काढून म्हटलं, कशाला? मी सुताराची भाची आहे! (इथे तुम्ही कपाळाला हात लावला असणार.) प्लायवुड आणलं, बिजागऱ्या ठोकल्या, आतून काळा रंग दिला. मग पेटी जमिनीवर ठेवून स्वतः आत शिरले आणि झाकण लावून घेतलं, कारण डोळे अंधाराला सरावले की बारीकशी फटही दिसते. आत छान गार होतं. अर्ध्या तासाने बाहेर येऊन मी जाहीर केलं, काळाकुट्ट अंधार, फट नाही.

मंगळवारी मोजणी सुरू केली आणि तासाला आठऐवजी नव्वद! ज्या सरांना चार वर्षांत मी हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी वर्कशॉपच्या फिटरला मिठी मारली. (तो बिचारा पंखा दुरुस्त करायला आला होता.) शेजारचा गट तोंड वाकडं करून अभिनंदन करून गेला. तेवढ्यात आमचा मफलर, म्हणजे थंड खोलीत कायम मफलर गुंडाळून बसणारा माझा सहकारी, हळूच म्हणाला, "पण लेसर तर मी जेवायला जाताना बंद केला होता."

यजमान गावाला आणि पाहुणे जेवून हात पुसताहेत! बिजागरीपाशी नखाएवढी फट होती आणि कॉरिडॉरचा दिवा तिच्यातून आत येत होता. सरांनी शांतपणे विचारलं, "आत बसून तू नक्की काय पाहिलंस?" मामा, मी झोपले होते. डोळे मिटले की कुठलीही पेटी निर्दोष दिसते. ते ओरडले असते तर परवडलं असतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले आणि मला फार वाईट वाटलं.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा, प्रवासाची दगदग करू नका.

तुमची भाची

ता. क. : सोमवारी निघून इकडे या. तुमच्या हातची पेटी पाण्याचा थेंब आत घेत नाही, उजेड काय घेणार! हात थरथरतो म्हणून हत्यारं माळ्यावर टाकलीत, हे मला कळलंय. फळी मी धरीन, तुम्ही फक्त सांधा जुळवा. मला खरंच तुमची गरज आहे.

ता. क. २ : तुम्ही येताय असं मी सरांना सांगून टाकलंय.

ता. क. ३ : हत्यारं मामींनी कालच माळ्यावरून काढून पुसून ठेवली. आत्ता त्या तुमच्या मागेच उभ्या असतील. नाही म्हणायचं असेल तर त्यांना म्हणा.