पिठाच्या सोमवारचा कॅमेरा

गालाक्सीदी, १८ मार्च

प्रिय मिना,

सध्या माझ्यावर भलतीच खूश असलेल्या माझ्या लेकी, फोन सोडून आईने हे कागदाचं काय खूळ काढलं असं तू म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि खरं सांगायचं तर फोनवर मी फार सहज थापा मारते. कागदावर तसं जमत नाही. म्हणून हे.

परवाचा तुझा निरोप मी चार वेळा वाचला. "इस्टरला मी तुझ्याकडेच येणार, बाबांकडे नाही. एव्हांथियाशी मी बोलणं बंद केलंय. तिच्या त्या फालतू कव्हरने माझा कॅमेरा घालवला." दुकानाच्या दारावर "पाच मिनिटांत येते"ची पाटी लावली, आत जाऊन स्टुलावर बसले आणि एकटीच हसले. दोन वर्षं झाली तू कॉलेजसाठी अथेन्सला बाबांच्या घराजवळच्या वसतिगृहात राहायला जाऊन. दोन्ही इस्टर तिकडेच झाले. कोकराचं भाजलेलं मटण तुझ्या बाबांची एव्हांथिया किती छान करते ते मी दोन्ही वर्षं फोनवर ऐकलं. या वर्षी म्हटलं, आता बघू.

गावाची खबर अशी, की पिठाच्या सोमवारी एकमेकांवर उधळलेलं रंगीत पीठ अजून संपलेलं नाही. तीन आठवडे झाले, तरी बंदरावरच्या पायऱ्यांच्या फटींत पिवळं बसलंय. घरांवरचं प्लास्टिक सगळ्यांनी काढलं, फक्त शेजारच्या पोलिदोरोसने नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लावायचंच आहे, मग उतरवू कशाला, असं त्याचं म्हणणं. पाद्रीबाबांच्या मांजराचा रंग मात्र निळाच राहिलाय आणि ते आता त्या रुबाबात फिरतं.

मिना, तुझ्या त्या कॅमेऱ्याने मला पहिल्या दिवसापासून छळलं. सोमवारच्या आधीच्या शनिवारी तू बसमधून उतरलीस ती तो गळ्यात घालूनच. वाढदिवसाला एव्हांथियाने दिलेला. आजकाल तुम्हा पोरांना पुन्हा खिशातल्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय हे मला माहीत आहे, मी विकते ना ते. पण तू पिशवीतून एकेक वस्तू काढून माझ्याच काउंटरवर मांडायला लागलीस तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंगाला घट्ट बसणारं रबरी कव्हर, तेही फिक्कट हिरवं, तुझ्या डोळ्यांना शोभेल असं. पडद्यावर जपणुकीची पातळ काच, एकही बुडबुडा न राहता लावलेली. मनगटाचा पट्टा, गळ्याचा पट्टा वेगळा. आतून मऊ कापड असलेली चामड्याची पेटी. ओल शोषणाऱ्या पुड्यासुद्धा, आणि त्यांवर तारीख घातलेली, कधी बदलायच्या ती. बावीस वर्षं मी या गावात कॅमेऱ्यांची कव्हरं विकतेय. आणि माझ्या पोरीच्या कॅमेऱ्याला कपडे कुणी घातले, तर फोटोत स्वतःचा अंगठा आल्याशिवाय जिला फोटो काढता येत नाही त्या बाईने.

मी विचारलं, "कुणी निवडलं हे सगळं?" तू म्हणालीस, "एव्हांथियाने. तीन दुकानं फिरली, आई. शेवटच्या दुकानदाराला तिने इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, बाई, तुम्ही कॅमेरा घेताय की जावई बघताय?" तू हसलीस, मीही हसले. पण मला त्या दुकानदाराचा राग आला. एवढे प्रश्न मी विचारले असते, म्हणून. मग मी काउंटरखालून ती जाड पारदर्शक पिशवी काढली, पुढे काचेचं भिंग असलेली, जिच्यात कॅमेरा अख्खा मावतो आणि पीठ काय, पाणीही जात नाही. मी ती तुझ्यापुढे सरकवली. तू पाहिलीसुद्धा नाहीस. "सगळं आहे ना, आई, कशाला उगाच?" मी ती परत खाली ठेवली, आणि ठेवताना जरा आपटलीच.

रविवारी संध्याकाळी तू मला त्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवलेस. एव्हांथिया चुलीपाशी, एव्हांथिया सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली, एव्हांथियाचे नुसते हात, पालेभाजी निवडताना. मी मोजत नाही असं दाखवत मोजत होते. अठरा. मी म्हटलं, "आणि माझा?" तू अगदी साधेपणाने म्हणालीस, "तू इथे होतीस, कॅमेरा तिथे होता." बरोबरच होतं. म्हणूनच जास्त लागलं. त्या हातांचा फोटो चांगला होता, मिना. तुझ्या आजोबांनी पाहिला असता तर फ्रेम करून दुकानात लावला असता. मला तो फाडावासा वाटला, आणि पडद्यावरचा फोटो फाडता येत नाही.

तुझे बाबा तिच्याकडे गेले तेव्हा मी रडले, नाही असं नाही. पण नवरा गेला तसं त्याचं घोरणंही गेलं, आणि पलंग बराच मोठा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. तुझ्या बाबांच्या, पानागिसच्या बाबतीत मी एव्हांथियाचा हेवा कधीच केला नाही, खुशाल ठेवून घे म्हटलं. तुझ्या बाबतीत मात्र माझ्या पोटात दुखतं. तू तापाने फणफणलीस तेव्हा तुझ्या उशाशी ती होती. तुझी परीक्षा कधी हे तिला आधी कळतं. तू फोनवर हल्ली "बघूया हं" म्हणतेस ना, ते तिचं आहे. आमच्या घराण्यात कुणी "बघूया हं" म्हणत नाही. आम्ही हो म्हणतो नाहीतर दार आपटतो. आणि ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं! चांगल्या बाईचा द्वेष करायला फार मेहनत पडते. मी ती सहा वर्षं करतेय.

सोमवारी सकाळी तू स्वयंपाकघरात बसून कॅमेरा गालाक्सीदीच्या रीतीने गुंडाळलास. आपण घरं गुंडाळतो, दारं गुंडाळतो, होड्या गुंडाळतो, मग कॅमेरा का नाही? एव्हांथियाच्या हिरव्या कव्हरावरून तू खाण्याचे पदार्थ गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकचे तीन वेढे दिलेस, लेन्सपाशी भोक पाडलंस, बुडाशी रबरबँड. आजोबांनी तुला शिकवलं होतं तस्सं. मी चहा पीत बघत होते. आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स जागची हलत नसे, तुझ्याची आत-बाहेर होते. मग तू तोंडाला काजळी फासलीस, कमरेला पोलिदोरोसच्या बकऱ्यांच्या घंटा बांधल्यास आणि खणखणत बाहेर पळालीस. मी दुकान उघडलं. पिठाच्या सोमवारी दुपारपर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नसते हे तुला माहीत आहे. बाहेरगावचे लोक, प्रत्येकाच्या हातात एक उघडाबोडका कॅमेरा, आणि प्रत्येकाला माझं भाषण. पोलिदोरोस त्या भाषणाची नक्कल करतो, हात कमरेवर ठेवून.

तीन वाजता तू आलीस. केस जांभळे, कान पिवळे, दात तेवढे पांढरे. इतक्या आनंदात मी तुला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. जेवण झालं, तू पुन्हा कॅमेरा हातात घेऊन चालू केलास, आणि आतून कर्र असा आवाज आला, जात्यात खडा आल्यासारखा. लेन्सची नळी अर्धी आत, अर्धी बाहेर. पडद्यावर तीच एक ओळ, बंद करून पुन्हा चालू करा. तू पाच वेळा केलंस. मग तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, आणि मी काय म्हटलं? "बघ, मी म्हटलं नव्हतं? असलं रबराचं कव्हर घेतं का कुणी?" तू तिथूनच तिला फोन लावलास. मी उपासाची सपाट पोळी कापत होते, म्हणजे सुरी फिरवत होते, कान तुझ्याकडे. तू ओरडत होतीस, "तुला काही कळत नाही तर घेतलंस कशाला?" आणि तिचा बारीक आवाज, "माझंच चुकलं असेल गं, माझंच चुकलं असेल." माझ्या काळ्या स्वेटरवर तुझ्या गालांचं जांभळं पीठ लागलं होतं. मला वाटलं, आलं माझं लेकरू माझ्याकडे.

गेल्या आठवड्यात एव्हांथियाचा मला फोन आला होता, हे तुला सांगितलं नाही. "स्तामातियाताई, तुम्ही यातल्या जाणत्या. मी नक्की काय घ्यायला हवं होतं ते सांगा, पुढच्या वेळी चुकायला नको." मी तिला सांगितलं. अगदी नाकाने कांदे सोलत सांगितलं, रबर कसं बिनकामाचं, पिशवी कशी हवी, काच कुठली. ती लिहून घेत होती. मधूनच म्हणायची, "थांबा हं, एवढं लिहिते." शेवटी म्हणाली, "मिना फोन उचलत नाही माझा. बरी आहे ना? जेवते ना नीट?" मी म्हटलं, "मजेत आहे." फोन ठेवला, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिने एकदा जरी मला टोमणा मारला असता ना, तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

आता का लिहितेय ते. तू जाताना कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे ठेवून गेलीस, फोटो छापून पाठव म्हणून. मी टाळत राहिले. अठरा एव्हांथिया माझ्याच यंत्रातून माझ्याच हाताने बाहेर काढायच्या होत्या. काल शेवटी कार्ड लावलं. त्या आल्या. मग घंटा आल्या, पीठ आलं, निळं मांजर आलं. आणि मग मी. एकतीस फोटो, मिना. तू सकाळभर समोरच्या पायरीवरून, दुकानाच्या काचेतून माझे फोटो काढत होतीस, आणि मला पत्ता नव्हता. एकात मी हसतेय, एकात पोलिदोरोसला झापतेय. शेवटच्या फोटोत मी एका गिऱ्हाइकाचा तुझ्यासारखाच छोटा कॅमेरा हातात घेऊन उभी आहे, लेन्स जमिनीकडे केलेली, दुसऱ्या हातात मऊ ब्रश. त्याला मी काय सांगत होते ते मला पाठ आहे, कारण दोन वर्षांपूर्वी असेच दोन कॅमेरे अडकून माझ्याकडे आले तेव्हापासून मी ते सगळ्यांना सांगते. कव्हर कुठलंही असो, पिठातून आलात की कॅमेरा बंद करू नका. लेन्स बाहेर असतानाच नळी झाडा, रबरी पंपाने फुंका, पूर्ण साफ झाली की मगच बंद करा. बंद केलात की नळी पीठ घेऊन आत जाते आणि तिथेच रुतून बसते. तू तोवर अथेन्सला गेली होतीस, तुला हे माहीत नव्हतं. म्हणून त्या दुपारी दारातच उभी राहून तू मला विचारलंस, "आई, हा असाच बंद केला तर चालेल ना?" तुला आठवतही नसेल. मी नळीकडे पाहिलं. तिच्यावर ओल्या पिठाचा थर होता. ब्रश माझ्या ॲप्रनच्या खिशात होता, मला तो मांडीला टोचत होता. आणि माझ्या मनात आलं, बिघडू दे, एव्हांथियाने दिलाय ना! मी म्हटलं, "कर बंद, घेवड्याचं सूप निवतंय." एव्हांथियाच्या कव्हराचा यात काडीचा दोष नाही. हा शेवटचा फोटो गाळून बाकीचे पाठवावेत असं काल संध्याकाळभर माझ्या मनात होतं. पण सगळे पाठवतेय, तो सगळ्यात वर ठेवलाय. हे पाकीट टपालपेटीत टाकलं की एव्हांथियाला फोन करते आणि तिने लिहून घेतलेलं फाडून टाकायला सांगते. इस्टरला तू तिच्याकडे जा, आणि जाऊन आधी तिची माफी माग, माझ्या चुकीची मी मागेन. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक परक्या माणसाला मी सांगितलं. तू माझी, तू विचारलंस, आणि तुलाच सांगितलं नाही.

रागावलीस तरीही तुझीच,
आई