हिची मांडणी

३ तारीख, सोमवार

नाही, मुलानं आम्हाला इथं आणून टाकलेलं नाही, आणि सुनेनं राखणदार म्हणूनही ठेवलेलं नाही. दोघांची बदली लांब झाली, दोन वर्षांसाठी. घर बंद ठेवलं की कुबट वास धरतं, म्हणून आम्ही आलो. आमच्या मर्जीनं आलो. कोणी विचारलेलं नाही, पण विचारायच्या आधी लिहून ठेवलेलं बरं.

घर झकास आहे. दुसरा मजला, तीन खोल्या, सगळ्या खिडक्या नीट उघडतात. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, वायसर बदललं. मागच्या खोलीचं दार कुरकुरत होतं, बिजागरीला तेल सोडलं. चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलं आहे. शिक्षण सातवीपर्यंत, पण स्क्रू-ड्रायव्हरला दाद देत नाही असं यंत्र अजून भेटलेलं नाही. दुकानात रोज वहीत लिहायचो, कुठलं मशीन, काय बिघाड, काय केलं. दुकान गेलं, सवय राहिली.

आमची ही खूश आहे. आल्या आल्या खिडकीत उभी राहिली आणि समोरच्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचून काढल्या. कुठंही गेलं की हिचं हेच. म्हटलं, मी काही आंधळा नाही. म्हणाली, तुम्ही बघता, वाचत नाही. बोलण्यात हिला कोण हरवणार.

४ तारीख, मंगळवार

मागच्या खोलीत मुलाचा जुना कॉम्प्युटर आहे. जाण्याआधी नातीनं त्यात आजीच्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं. नातीला आम्ही चिमणी म्हणतो. रोज चार वाजता ती पडद्यावर येते आणि आजीशी तासभर बोलते. काय बोलतात देव जाणे.

आज जेवणानंतर ही दोन तास त्याच्यापुढं बसून होती. पडदा पिवळाजर्द केला. मधोमध चिमणीचा फोटो, पुढचे दोन दात पडलेला. अक्षरं पाटीएवढी, बाण अंगठ्याएवढा. खिडक्या उघडायची ती बारकी चित्रं सरळ रांगेत होती, ती हिनं गोल मांडली, फोटोभोवती फेर धरल्यासारखी. म्हटलं, हा काय बाजार मांडलास. म्हणाली, ते माझं घर आहे, तुमचं काय जातं.

६ तारीख, गुरुवार

काल सकाळी कॉम्प्युटर उघडला तर सगळं पुसलेलं. निळा पडदा, मुंगीएवढी अक्षरं, चित्रं डाव्या कोपऱ्यात ओळीनं. फोटो नाही. हिनं पुन्हा दोन तास बसून सगळं लावलं. आज सकाळी परत निळं. हिनं मनाला फार लावून घेतलं. मी तिचा फोटो पुसला असं चिमणीला वाटेल, म्हणते. खरं सांगायचं तर मला निळं बरं वाटतं. सुटसुटीत, डोक्याला ताप नाही. पण तसं बोललो असतो तर घरात राहणं मुश्कील.

खोका उघडला. वीतभर धूळ. पुसली, वायरी दाबून बसवल्या, स्क्रू आवळले. बिघाड दिसला नाही.

एक गंमत. ही रोज सकाळी मला रात्रीचं स्वप्न सांगते, चहा गार होईस्तोवर, कोण आलं, काय नेसलं होतं, कुठल्या दारानं गेलं. आज स्वप्नच नाही. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून झाला.

८ तारीख, शनिवार

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या बाईंना बोलावलं. जाड चष्मा, कामाशी काम, चहासुद्धा उभ्यानं घेतला. मला पटल्या.

म्हणाल्या, काका, यंत्रात काही बिघडलेलं नाही. आजींचं खरं खातं आत शाबूत आहे, पण त्याचं कुलूप अडकलंय. यंत्राला ते उघडता येत नाही म्हणून रोज एक तात्पुरतं खातं बनवून देतं, लॉजमधल्या खोलीसारखं. दिवसभर काय मांडायचं ते मांडा, बंद केलं की झाडून टाकतं, दुसऱ्या दिवशी खोली कोरी. मी विचारलं, म्हणजे आधीचं सगळं गेलं का. म्हणाल्या, नाही, आहे, फक्त आत अडकलंय. बाहेर काढायला एक डिस्क लागते, ती मागवून मी शुक्रवारी येते. तोवर दोन गोष्टी पाळा. जमेल तितकं बंद करू नका, आणि काही म्हणजे काही पुसू नका.

दिवसरात्र यंत्र चालू ठेवायचं म्हणजे काय. संध्याकाळी बंद केलं.

९ तारीख, रविवार

हिचा डावा गुडघा वीस वर्षांपासून धरलेला. जिना चढताना प्रत्येक पायरीला शिव्या घालते, मला, जिन्याला, बांधणाऱ्याला. आज बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सरसर वर गेली. मीच धापा टाकत मागं. विचारलं, गुडघा. म्हणाली, कुठला गुडघा.

खिडकीतून बाहेर बघत होती. एकही पाटी वाचली नाही.

चहात चमचा ढवळून कपाच्या काठावर तीनदा वाजवते, माझं डोकं उठतं. आज वाजवला नाही. आणि मी वाट बघत बसलो.

१० तारीख, सोमवार

मुलगा शाळेत होता तेव्हा हिच्या उजव्या हातावर इस्त्री पडली होती. मनगटापासून कोपरापर्यंत डाग, होडीच्या आकाराचा. आज भांडी घासताना बाही वर केली होती. डाग नाही.

हात उजेडात धरून पाहिला. डावा पाहिला, मीच चुकत असेन म्हणून. दोन्ही सारखे. कातडी गुळगुळीत, नव्या प्लास्टिकसारखी.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि माझंच अभिनंदन केलं. या वयात इतकी तब्येत बघायला मिळत नाही म्हणाल्या. म्हटलं, डाग होता. म्हणाल्या, जुने डाग फिके होतात, आजोबा, तुम्ही झोप घेता ना नीट?

चारला पडद्यावर मुलगा होता. म्हणाला, आई किती फ्रेश दिसतेय, हवा मानवली तिला. ही हसली. ही हसते तेव्हा नाकातून आवाज येतो, लग्नात माझी मावशी म्हणाली होती, घोडी आणलीस काय रे. आज आवाज नव्हता. नुसते दात.

११ तारीख, मंगळवार

वहीची मागची पानं काढून हिशेब जुळवला, मशीन जुळवतात तसा. रात्री कॉम्प्युटर बंद, सकाळी निळा. रात्री ही झोपते, सकाळी हिच्यातलं काहीतरी कमी.

आज दुपारी खात्री केली. ही काम करताना एकच चाल गुणगुणते, अर्धी चुकीची, जन्मात सुधारली नाही. जेवण होईपर्यंत गुणगुणत होती. खुर्चीत डोळा लागला, वीस मिनिटं. उठल्यावर म्हटलं, ते म्हण की. म्हणाली, काय म्हणू?

म्हणजे झोप. झोपेत झाडलं जातं.

खरं आत आहे, अडकलंय. बाई म्हणाल्या आहेत, शाबूत आहे. शुक्रवारी त्या येणार. तोवर यंत्र बंद करायचं नाही.

आणि हिलाही झोपू द्यायचं नाही.

१२ तारीख, बुधवार

रात्रभर जागवली. पत्ते खेळलो, कपाटं काढून पुन्हा लावली, घरभर फिरवली. पहाटे फार चिडली. म्हणाली, मेल्यावर तरी झोपू द्याल का, का सरणावरही हलवून उठवणार. जन्मभर कटकट केलीत, आता म्हातारपणी नवीन खूळ.

आमची ही होती. शंभर टक्के ही. चाळीस वर्षांत भांडण इतकं गोड लागलं नव्हतं.

काल हिनं मांडलेला पडदा अजून पिवळाच आहे. फोटो जागेवर.

दोन दिवस काढायचे.

१३ तारीख, गुरुवार

दुसरी रात्र. ही रडते. हात जोडले तिनं. उभी असताना मान पडते, मी गार पाणी मारतो. काय करतोय ते मला कळतं. करतोय.

चारला मुलगा भडकला. बाबा, तुम्हाला काय झालंय, आईला झोपू द्या. चिमणी मागं उभी होती, तिला बाहेर पाठवलं. त्याला सांगायला गेलो, त्यानं ऐकलं नाही. उद्या रात्रीच्या गाडीनं येतो म्हणाला.

नंतर पडद्यावर चौकोन आला. जागा संपली. हिच्या नावाची दोन खाती आहेत, एक काढा. एक एवढंसं, एक केवढं तरी फुगलेलं.

दुकानात शिकलोय, जे फुगतं ते बिघडलेलं असतं. रोजचा केरकचरा साठून फुगलं असणार. ते काढलं की कुलूप मोकळं होईल. डोळे चुरचुरत होते. चौकोनानं विचारलं, नक्की का. असले फालतू प्रश्न मला —

दाबलं.

१४ तारीख, शुक्रवार

बाई आल्या. डिस्क आणली होती. बराच वेळ बघत होत्या. मग चष्मा काढला.

म्हणाल्या, काका, ते मोठं का काढलंत. मोठं होतं कारण सगळं त्यातच होतं.

विचारलं, परत आणता येईल का. डिस्क पिशवीत ठेवली त्यांनी. चहा नको म्हणाल्या.

मागं वळून पाहिलं तर ही पलंगावर झोपली होती. उठवायला हात पुढं केला. नाही उठवलं.

आता कशाला.

१५ तारीख, शनिवार

उठली. पांघरुणाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. पलंगाच्या कडेवर बसली. मला म्हणाली, तुम्ही इथंच राहता का?

आवाज गोड. हिचा नाही.

मुलगा येऊन पोचला. त्याला सगळं ठीक वाटलं. आई शांत, घर नीट. त्यालाही ओळखलं नाही, पण हसून पाणी दिलं, तो समजला रागावलीय. माझ्याकडं बघून मान हलवली, तुम्हीच झोप घ्या म्हणाला. संध्याकाळच्या गाडीनं गेला.

तो गेल्यावर ही पुढ्यात येऊन उभी राहिली. चहा कसा लागतो तुम्हाला. मी जास्त बोलू की कमी. झोपायला कुठली बाजू.

सांगितलं. चमचा तीनदा वाजव म्हटलं. वाजवला. खिडकीतल्या पाट्या वाच म्हटलं. सगळ्या वाचल्या, एका सुरात, पहिलीपासून शेवटची. वाचून परत आली आणि उभी राहिली.

पुन्हा वाचू का, म्हणाली.

१६ तारीख, रविवार

सकाळी परत. तुम्ही इथंच राहता का.

परत सगळं सांगितलं, चमचा, पाट्या, गुडघा. लंगडून दाखवलं तिनं. दोन्ही पायांनी.

पेपर उघडला होता. ती पाट्या वाचत होती. सवयीनं तोंडातून गेलं, जरा गप्प बस.

बसली. जेवताना गप्प. दुपारी गप्प. चारला चिमणी आजी, आजी करत होती — ही पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. परवानगीसाठी.

मी बोल म्हटलं नाही. जीभ उचलली नाही.

सून म्हणाली, तुमचं दोघांचं आता जमतंय हो.

१७ तारीख, सोमवार

वही चाळली. तिला काय सांगायचं ते वहीत सापडेल म्हणून. सगळ्या माझ्या कुरकुरी. डोकं उठतं, बाजार मांडलास, पेपर वाचू देत नाही. स्वप्नात कोण यायचं — एकदाही लिहिलेलं नाही. ऐकलंच नव्हतं. तासभर त्या चिमणीशी काय बोलायची —

विचारते आहे. मी कशी होते, सांगा ना. सांगाल तशी होईन.

मला माहीत आहे मी काय सांगेन. थोडं थोडं सोडत जाईन. चमचा नको. पाट्या नकोत. रोज सकाळी कोरी, रोज एक कमी, आणि एक दिवस माझ्या सोयीची बायको घरात —

निळी.

सांगितली तर ती माझी मांडणी होईल. हिची नाही.

दारात उभी आहे. हात पुढं धरून, हसून. घाई नाही तिला. संध्याकाळपर्यंत उभी राहील. उद्याही —

नाही. तिला सांगणार नाही आणि इथंही लिहिणार नाही. कोणी विचारलं तरी नाही. एक शब्द