बाहुलीला जमीन असते

अप्पा, तुमची एक गोष्ट चुकीची निघाली. नीट सांगायचं तर गोष्ट बरोबरच होती, मी ती नको तिथे लावली. पण ही गंमत मराठीत ऐकून मान डोलावेल असं घरात आता कोणी नाही, म्हणून जेवण झाल्यावर मागच्या पडवीत, तुम्ही बसायचात त्याच जागी, कागद घेऊन बसले आहे. शाळेत आम्हांला इंग्रजी होतं, गल्लीत तमिळ. मराठी घरात होती, आणि तिची अक्षरं फक्त तुमच्याकडे होती. तीही तुम्ही मला भिजत घालायच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवायला लावलीत. फार दिवसांनी लिहिते आहे. 'ळ' काढताना हात अडखळतो.

इथे दगडाची डोणी होती. ती अजून आहे, फक्त तिच्यात आता तुळस लावली आहे. तेव्हा तिच्यात सगळ्या गल्लीची रद्दी भिजत असे: लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या वह्या, मुलांचे परीक्षेचे कागद. ओल्या कागदाचा तो आंबूस वास, आणि चुलीवर रटरटणारी चिंचोक्याची खळ. त्या वासानं माझ्या शाळेच्या पिनफोरला कधी साबणाचा वास येऊ दिला नाही. तुम्ही प्रत्येक कागद उजेडाकडे धरून वाचता, मगच फाडून पाण्यात सोडता. मी विचारते, "अप्पा, रद्दीच ना ही? वाचता कशाला?" तुम्ही चष्म्यावरून बघता. "रद्दी खरी. पण कोणी हातानं लिहिलंय गे. वाचून घ्यावं, मग बुडवावं." माझा गणिताचा पेपरसुद्धा तुम्ही असाच वाचलात, "अक्षर बरं आहे" एवढंच म्हणालात आणि बुडवलात. तो कोणत्या राणीच्या पोटात गेला कोण जाणे. तुमच्या राजाराणीच्या बाहुल्या साऱ्या तंजावुरातून कुठे कुठे गेल्या असतील.

बाहुलीचं वरचं अंग कागदाचं, पोकळ, आणि गोल बुडात माती घट्ट भरलेली. कशीही पाडा, डोलत डोलत उठून उभी. प्रत्येक बाहुली विकायला जाण्याआधी तुम्ही तिला बोटानं ढकलत असा आणि तिचे डोल मोठ्यानं मोजत असा, एक, दोन, तीन, ती निश्चल होईपर्यंत. मला वाटायचं, आकडे म्हणजे बाहुल्यांचीच काही भाषा आहे. आई गेली त्या वर्षी एकदा मी तुमची नजर चुकवून बुडातली माती वाळण्याआधीच एका राणीला ढकललं. माती एका बाजूला सरकली आणि तशीच बसली. तुम्ही रागावलात, तेवढे पुन्हा कधी रागावला नाहीत. "वाळू देत जा! हात आवरत नाही, हात? ओलं असतं तेव्हा ढकलायचं नसतं कोणाला!" मी त्या तुळशीपाशी, म्हणजे तेव्हाच्या डोणीपाशी, संध्याकाळपर्यंत रडले. तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. पण वाकडी झालेली ती राणी तुम्ही फेकली नाहीत. इतरांपेक्षा जास्त निगुतीनं रंगवलीत, तिच्या काठाला खरा जरीचा रंग दिलात, आणि माझ्या उशाशी आणून ठेवलीत. "ही पडली की उठते, पण कान देऊन उभी राहते. हिला सांगत जा काय ते," म्हणालात. "बूड जड असलं म्हणजे काही होत नाही माणसाला."

पुढे शाळेत सिस्टरनी तुमच्याकडूनच एक बाहुली मागून नेली आणि टेबलावर ठेवून सगळ्या वर्गाला गुरुत्वमध्य शिकवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मी मान ताठ करून बसले. आपल्या घरी ज्याला बूड म्हणतात त्याला इंग्रजीत इतकं भारदस्त नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. सिस्टर म्हणताहेत आणि अप्पाही म्हणतात, तेव्हा ते खरंच असणार. ते मी आयुष्यभर धरून ठेवलं. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. नंतर तिचे वडील गेले, मग ती शिकून बेंगळुरूला गेली, तिथेच लग्न केलं. प्रत्येक वेळी मी डोलले आणि उभी राहिले. लोक म्हणाले, धीराची बाई.

यंदा पोंगलला नात आली ती एक खोका काखेत मारूनच. रॉकेटचं किट, अगदी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठीचं. पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं टोकदार नाक, पातळ हलक्या लाकडाचे तीन पंख, उतरताना वर उघडणारी घडीची छत्री, आणि तीन इंजिनं. इंजिन म्हणजे आपल्या बोटाएवढी जाड कागदाची नळी, आत दारू ठासलेली. एकदा जळलं की संपलं. तुम्ही असतात तर पहिल्यांदा ती नळी वाकवून पाहिली असती. आम्ही दोघी इथेच बसलो, पंख पॉलिश कागदानं घासले. माझी मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर येतं ते इंग्रजीत. म्हणून घासताना मी उगाच मोठ्यानं मोजत राहिले, एक, दोन, तीन, आणि ती मुकाट्यानं घासत राहिली. गोंद वाळायच्या आतच तिची सुट्टी संपली. जाताना मुलगी म्हणाली, मेमध्ये एकदा येऊन जाऊ, मग जूनमध्ये आम्ही तिघं कॅनडाला. किती वर्षांसाठी ते मी विचारलं नाही. नात म्हणाली, "अज्जी, बाकीचं तू पूर्ण कर. मे महिन्यात उडवू. प्रॉमिस?" मी म्हटलं, प्रॉमिस. मला दुसरं काही नको होतं, अप्पा. तिनं जाण्यापूर्वी माझ्या हातचं काहीतरी उडालेलं पाहावं, एवढंच.

किटमध्ये मातीचा एक मऊ गोळा होता. सूचनेच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की हा नाकाच्या पोकळीत भरा. मला हसू आलं. म्हटलं, हे लिहिणाऱ्यानं तंजावूरची बाहुली पाहिलेली दिसत नाही. डोकं जड केलं तर डोक्यावरच पडेल ना! मी तो गोळा खाली, इंजिनाच्या कडेनं, तुमच्यासारखा अंगठ्यानं दाबून दाबून भरला. दोन दिवस वाळू दिला. ढकलून पाहिलं नाही.

नात येण्याआधी एकदा पाहून घ्यावं म्हणून एप्रिलमध्ये ते पापनाशमला नेलं. तिथे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं शेत आहे, कापणी होऊन मोकळं पडलेलं. पावसाळी छत्रीच्या लांब पिशवीतून बाहेर आलेलं रॉकेटचं लाल नाक पाहून कंडक्टरनं विचारलं, "काय अम्मा, दिवाळी कोणत्या महिन्यात?" मैत्रीण बांधावर पदर खोचून उभीच होती. "काय गं हे, डी! गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलतेस आणि रॉकेट सोडतेस? सिस्टरनी पाहिलं असतं तर दोघींना बाकावर उभं केलं असतं."

"तू मागे हो आधी," मी म्हटलं.

"मी मागेच आहे. माझं इन्शुरन्स नाही."

तिनं धसकटांवर बादलीभर पाणी मारलं, मी सळई रोवून तिच्यावर रॉकेट चढवलं, वायर जोडली, लांब येऊन बटण दाबलं. ते उठलं, खरंच उठलं, नारळाच्या झाडाच्या अर्ध्या उंचीपर्यंत गेलं असेल. मग त्याला काय झालं देव जाणे. पिसाळल्यासारखं स्वतःभोवती गोल फिरायला लागलं, शेपूट पुढे, डोकं मागे, आणि धाडकन बांधावर येऊन आदळलं. छत्री नंतर फुस्स करून बाहेर आली, चिखलात. मैत्रीण आधी हसली, मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "उन्हात उभी राहू नको," एवढंच म्हणाली, आणि ताक आणायला गेली. एक पंख मोडला होता, नळी चेपली होती, आणि इंजिनं आता दोनच उरली होती.

दुरुस्ती मला येते. कागद भिजवला, कुटला, खळीत कालवला, चेपलेल्या जागी भरला, वाळू दिला, घासला. बाजारच्या गोंदापेक्षा बरा बसला. पण बिघडलं काय ते कळेना. शेवटी अपमान गिळून तो सूचनेचा कागद पुन्हा वाचला. त्यात एक परीक्षा दिली होती: रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. मी गच्चीवर गेले. समोरच्या गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घालणाऱ्या बाईनं हात थांबवले. मी फिरवते आहे, आणि रॉकेट शेपटाकडून धावतं आहे, उलटं. माती खालून उकरून काढली, नाकात भरली, दोरी नव्या तोलाच्या जागी सरकवली, पुन्हा फिरवलं. अप्पा, त्यानं हवेत तोंड वळवलं! नाक पुढे करून, सरळ, वारा कापत फिरायला लागलं. मी फिरवतच राहिले. दंड भरून आला. समोरची बाई म्हणाली, "अक्का, कावळे हाकलताय का?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहुलीला जमीन असते. तिचं जड बूड जमिनीला धरून असतं, म्हणून ती उठते. रॉकेट सळई सोडतं त्या क्षणी त्याला खाली काहीच नसतं, टेकायला नाही, डोलायला नाही. त्याला जे सरळ ठेवायचं ते पुढूनच ठेवावं लागतं. तुमचं खरं होतं, सिस्टरचंही खरं होतं, पण ते टेबलावर. मला इतका आनंद झाला की जिना उतरून मी थेट या पडवीत आले, दाराशीच "अप्पा" म्हणाले, आणि तुळशीपुढे उभी राहिले. वय झालं की असं होतं म्हणतात. मग वाकड्या राणीला सांगितलं. तिनं नेहमीसारखा कान दिला. पण कान देणं निराळं, आणि "हो की गे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही" असं म्हणणं निराळं. तुम्ही तसं म्हणाला असतात. चूक ऐकायला तुम्हांला आवडायचं.

मेमध्ये ती आली, दोन दिवसांसाठी. मुलीच्या डोक्यात सामान, जावयाच्या कानाला फोन. नातीनं मात्र आल्या आल्या पंख तपासले. "अज्जी, हा पंख वेगळा लागतो हाताला."

"तो मी केलाय. आजोबांच्या गोंदानं." तिच्या पणजोबांच्या म्हणायला हवं होतं, पण तेवढं लांब तिला कुठे दिसणार.

सकाळी वारा उठण्याआधी शेतात पोचलो. मैत्रिणीनं पाणी मारून ठेवलं होतं. मी छत्रीला पावडर लावून घडी घातली, नातीनं वायर जोडली. बटण तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, आता उलटं मोजायचं, आणि मग माझ्याकडे बघून, जरा लाजत, तिनं सुरू केलं, "दहा. नऊ. आठ. सहा. नो, नो. सात. सहा..." ती मराठीत मोजत होती, अप्पा. पंख घासताना ऐकलेले आकडे तिनं महिनोन्‌महिने तसेच ठेवले होते, आणि त्यांवर तुमचाच हेल होता, 'तीऽन' लांबवण्याचा. तो माझ्याकडून तिला गेला असणार. तीऽन. दोन. एक.

मोठा सरसराट झाला. मैत्रीण ओरडली, "अय्यो, किती सरळ!" जावयानं फोन खाली घेतला. मग वर कुठेतरी फट्ट वाजलं आणि नात नाचायला लागली. लाल-पांढरी छत्री उघडली होती, आणि सावकाश, एखाद्या पानासारखी, कालव्याच्या अलीकडे उतरली. नात धापा टाकत रॉकेट घेऊन आली. "अज्जी, पाहिलंस? पाहिलंस ना?"

"पाहिलं तर," मी म्हटलं.

ती सगळी गेली, त्याला आता बरेच दिवस झाले. फोन येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. शेवटचं इंजिन आपल्या दोघींचं, परत येईन तेव्हा, असं बजावून ती गेली आहे. ते कोरड्या डब्यात वाकड्या राणीशेजारी ठेवलं आहे. उतरताना रॉकेटची नळी बुडाशी थोडी फाटली, ती भरायला हवी. घरात हल्ली रद्दी नसते, सगळं फोनवरच येतं. म्हणून मघाशी एका पातेल्यात पाणी घेतलं आहे, आणि हा कागद लिहून झाला की त्यातच जाणार आहे. तुमचाच नियम आहे, वाचून घ्यावं मग बुडवावं, तेव्हा हे तुम्ही वाचलंत असं मी धरून चालते.

एक तेवढं राहिलं. नातीला मी खरं सांगितलं नाही. ती 'एक' म्हणाली तेव्हा सगळे वर बघत होते आणि मी मागे वळून बघत होते, बांधाकडे, कोण मोजतंय म्हणून. छत्री उतरताना पाहिली. रॉकेट वर गेलं ते मी पाहिलंच नाही.