टेस्केंची शाल

१७ जून २००६, शनिवार

शेजारचे टेस्के कुंपणाशी उभे होते. प्लमच्या जॅमची बाटली दिली. मागची बाटली रिकामी कशी परत करायची – मी लिंबाचं लोणचं भरून दिलं. हा माणूस लोणचं नुसतं बोटाने खातो. दुसऱ्या कुठल्या गोऱ्या माणसाला ते इतकं आवडलेलं मी पाहिलं नाही.

त्यांच्या जर्मनीत वर्ल्ड कप चालू आहे. पहाटे उठून बघतात, शहात्तराव्या वर्षी! आज कळलं, तरुणपणी स्वतः खेळायचे. सकाळी कोळशाच्या खाणीत पाळी, दुपारी सराव. "चेंडू भिजला की दगड व्हायचा, फ्राउ विभावरी. रविवारी डोक्याने मारला की सोमवारपर्यंत ठणकायचं." फ्राउ म्हणजे त्यांच्या भाषेत बाई. चोपन्न साली देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावणं आलं. तीन दिवस ठेवून घरी पाठवलं. दोन वर्षांनी गुडघा गेला. मग बोटीने इकडे, जगाच्या या दक्षिण टोकाला, मिळेल ते काम. हसत हसत सांगितलं.

ह्यांचं काम त्यांनी एकदाच विचारलं होतं, हे गेल्यावर माझ्या मुलाने, नितीशने, लोअर हट गावात हे घर घेतलं तेव्हा. मी म्हटलं, चीफ इंजिनिअर. पुण्यात होतेच की. इथे फॅक्टरीत पेट्या भरल्या, ते शेजाऱ्याला कशाला?

२० जून

लायब्ररीतून फुटबॉलचं जाड पुस्तक आणलं. सातवीनंतर शाळा नाही माझी. इंग्रजी वाचायला शिकले ती इथे, ह्यांच्या शेजारी बसून. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अजून शब्द अडला की डावीकडे बघते.

चोपन्नचा कप जर्मनीने जिंकला होता. टेस्केंचं नाव कुठे नाही. असणार कसं?

२४ जून

आमच्या मराठी मंडळाच्या शशिकांतचा फोन. मुलांसाठी फुटबॉलचा कार्यक्रम, पहिल्या तारखेला, जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये. "काकू, तुमचे शेजारी जर्मन टीममध्ये होते म्हणे? नितीश बोलला."

"बोलावलं होतं त्यांना. चोपन्न साली."

"चोपन्न? म्हणजे वर्ल्ड कपवाले! अहो, सत्कारच करू. शाल, श्रीफळ. तुम्ही घेऊन या त्यांना, पुढच्या रांगेत बसा."

मी पुढचं बोलले नाही. तोंड उघडलं होतं. पण पुढची रांग म्हणाला ना. हे गेल्यापासून संक्रांतीला मला फोन येत नाही. कार्यक्रमात मी मागे, स्वयंपाकघरात, कांदा चिरायला.

टेस्केंना म्हटलं, मुलांना तुमच्या खेळाबद्दल दोन शब्द सांगा. खूश झाले.

१ जुलै

लिहवत नाही. उद्या.

२ जुलै, रविवार

काल पहाटेच जर्मनी जिंकलेली. टेस्के टाय लावून आले. गाडीत नितीशला पेनल्टी समजावत होते. हॉल भरलेला. मी पुढे, शशिकांतची बायको कांचन हिच्या शेजारी. कांचनने माझी साडी हात लावून बघितली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

शशिकांतने परिचय इंग्रजीत करून दिला – विश्वविजेते. टाळ्या. शाल घातली, नारळ दिला. टेस्के नारळ दोन्ही हातांत धरून माइकशी गेले. म्हणाले, "काहीतरी चूक झाली आहे. मी तीन दिवस शिबिरात होतो. फायनल मी खाणीच्या कॅन्टीनमध्ये रेडिओवर ऐकली."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. शशिकांत माझ्याकडे वळला – "काकू?"

आणि मी म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं. विसरतात."

मराठीत म्हणाले. त्यांना कळणार नाही म्हणून मराठीत. पण शशिकांतने लगेच माइकवर इंग्रजी केलं – अंकलना आठवत नाही, पण आम्हाला आठवतं! सगळे उभे राहून टाळ्या. टेस्केंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर नात ऋग्वेदा म्हणाली, "Aaji, he remembered everything." नऊ वर्षांची आहे.

३ जुलै

शशिकांतला फोन करून खरं सांगितलं.

"जाऊ द्या हो काकू. फोटो सगळ्यांना ईमेल झाले."

"मग दुसरा ईमेल करा. टेस्के खरं बोलत होते, चुकीचं मी पसरवलं, असं लिहा. माझं नाव घालून."

"तुमचीच शोभा होईल."

"होऊ दे."

नितीश वैतागला. "आई, आपल्याला ह्याच लोकांत राहायचंय." सुनेने, अस्मिताने, माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्याला म्हणाली, तू गप्प बस.

५ जुलै

सकाळी जर्मनी हरली. एक्स्ट्रा टाइममध्ये दोन गोल. मी टेस्केंच्या दारात गेले. पायजम्यावरच होते. म्हटलं, मी तुम्हाला विसराळू ठरवलं, ते खोटं होतं. मला पुढे बसायचं होतं म्हणून. नेमकं असंच सांगितलं, जमलं तसं इंग्रजीत. ते म्हणाले, "आज नको, फ्राउ विभावरी." दार हळू लावलं.

७ जुलै

ईमेल गेला. नितीशने वाचून दाखवला. कांचन दुकानात दिसली, तिने भाज्यांकडे तोंड फिरवलं. कुंपणाशी कोणी नाही.

९ जुलै, रविवार

जर्मनी तिसरी. टेस्के आले, अंगावर ती शाल. इथल्या जुलैच्या थंडीला चांगली आहे म्हणाले. भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोसमोर उभे राहिले.

"मधुकर आणि मी पाच वर्षं शेजारी उभे राहून पेट्या भरल्या. फोटो मी पहिल्याच दिवशी ओळखला. तो म्हणायचा, विली, तू फुटबॉलर, मी इंजिनिअर, मग या पेट्या कोण भरतंय? फार हसायचो."

इतकी वर्षं बोलला का नाहीत, विचारलं.

"तुम्ही चीफ इंजिनिअर म्हणालात. मला वाटलं, असू दे." मग लोणच्याची रिकामी बाटली पुढे केली. "मधुकरच्या डब्यातली एक फोड रोज माझी असायची."

दोन फोडी घाल, म्हणायचे हे. दुसरी कोणासाठी, मी कधी विचारलं नाही.