खाऱ्या टाकीची राखण

१२ एप्रिल
गौरे, हे कधी वाचायला घेशील तेव्हा आधी चष्मा शोध. डोक्यावरच असंल. परवा दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला रत्नागिरीला निघालीस आणि बस सुटल्यावर फोन: "आजी, माझा चार्जर?" भिंतीला लटकत होता. मी म्हटलं, चार्जर राहिला तर राहू दे, आपण कुठं उतरायचंय तेवढं ध्यानात ठेव.

ही वही तशी माझीच. पण मला अक्षर येत न्हाई, म्हणून माझंच मन मला वाचून दाखवायला माणूस लागतं. मी सांगते, तुझी आई सुनंदा लिहिते. मी "हाय" म्हणते, ती "आहे" लिहू का विचारते. म्हटलं, हायच लिही. बारावी शिकलेली सून. करणार काय.

१५ एप्रिल
टाकी ठीक. समोरच्या खोलीत, जुनी शिलाई मशीन होती त्या जागी गौरीचा हा एवढासा समुद्र. समुद्र मी पाहिला न्हाई, आमच्या केज गावात हाच. एक नारिंगी मासा. गोगलगायी, काच चाटायला. बाकी सगळी प्रवाळं.

शेजारची कमल बघून गेली. "आज्जी, ही झाडं का दगडं?" म्हटलं, जनावरं. "मग हालत कावून न्हाईत?" म्हटलं, तुझा नवरा तरी कुठं हालतो?

सगळ्यांत मोठं गुलाबी, कडेला मुरड घातलेलं. त्याला मी करंजी म्हणते. गौरीनं लिंबाएवढी आणली, आता तळहाताएवढी झाली. महादेव म्हणतो, "माय, ही पोरगी बापापेक्षा त्या करंजीशी जास्त बोलती."

माझ्याकडं काम एकच. जेवढं पाणी उडून जाईल तेवढं फिल्टरचं गोडं पाणी खुणेपर्यंत टाकायचं. मीठ न्हाई. मीठ उडत न्हाई, पाणीच उडतं. "कुणी बघणार का माझ्या टाकीकडं?" असं गौरी विचारत होती तेव्हा सगळे छताकडं बघत होते. मीच म्हटलं, मी हाय की.

१९ एप्रिल
ऊन लई. टाकीचं पाणी तापायला लागलं. महादेवानं दुकानातून, म्हणजे आपल्या हार्डवेअरच्या, छोटा पंखा आणून काठावर बसवला. तोंड कुरकुरत, हात काम करत. पाणी थंड झालं, पण उडायलाही लागलं.

फिल्टरच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन उन्हानं तडकला. माझी लग्नातली तांब्याची घागर काढली. चिंचेनं घासली, लखलखीत. रातभर तांब्यात राहिलेलं पाणी सकाळी टाकीत. आपण माणसं तेच पितो, गुणाचं म्हणून. मग गौरीच्या लेकरांनी प्लॅस्टिकचं का प्यावं?

२७ एप्रिल
एक गोगलगाय उलटी पडलेली. सरळ केली. पुन्हा उलटी. वय झालं असंल बिचारीचं.

३० एप्रिल
सगळ्या गोगलगायी गेल्या. मासा मजेत, वर येऊन तोंड वासतो. करंजी मात्र मिटलीय. फुगलेली असायची, आता वाळल्या चिंचेसारखी. स्वच्छतेत कमी पडायला नको, म्हणून घागर रोज घासते.

२ मे
गौरीला व्हिडिओवर दाखवलं. बघितल्याबरोबर तिचा आवाज बदलला. "पाण्यात तांबं उतरलंय. मासा तेवढं सोसतो, गोगलगायी आणि प्रवाळं नाही सोसत. बाबांनी पंखा लावलाय ना? वायर उघडी आहे का?"

महादेव शेजारीच. मग बापलेकीची जुंपली.

"मला न विचारता कशाला लावला?"

"अगं, वायर पाण्याला लागतच न्हाई!"

"मग तांबं येणार कुठून, बाबा?"

घागर माझ्या पाठीमागं, खिडकीत. मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "जेवलीस का?"

सुनंदाला घागर माहीत हाय. आत्ता लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "आत्याबाई, मी बोलणार नाही. तुम्हीच सांगा." म्हटलं, आधी लिही तर.

३ मे
महादेवानं पंखा काढून दुकानात नेला. "पुन्हा त्या टाकीला हात लावणार न्हाई," म्हणाला. जेवताना ताटाकडंच बघत होता.

घागर देवघराखाली सारली. पाणी आता नव्या प्लॅस्टिकच्या बादलीतलं. गौरीनं सांगितलं म्हणून अर्धं पाणी बदललं. मनात म्हटलं, आपोआप सुधरंल. सुधरलं म्हणजे कुणी विचारणार न्हाई.

असं मनात आलं ते आलंच. सुनंदे, खोडू नकोस.

५ मे
पंखा न्हाई, वरून दुपारी लाईट गेली. पाणी हाताला कोमट. बारकी प्रवाळं आधीच गेली होती. करंजीच्या शेजारचं हिरवं, लांब बोटं हलवणारं, ज्याला मी झुंबर म्हणते, त्याचं अंग सुटून पडलं. खाली नुसतं पांढरं हाड. तांब्यानं अर्धं मेलंच होतं, उरलेलं उन्हानं नेलं. पंखा असता तर कदाचित...

पंखा वायरीपायी न्हाई गेला. मी गप्प बसले म्हणून गेला.

६ मे
दुकानात गेले. एक गिऱ्हाईक नळाच्या तोट्या बघत होतं. ते जायची वाट बघितली असती तर पुन्हा "जेवलास का" म्हणून परत आले असते. म्हणून उभ्या उभ्याच म्हटलं, "महादेवा, वायर न्हाई. घागर."

गिऱ्हाईक म्हणतंय, "कंची घागर, आज्जी?"

"तू तोटी बघ."

महादेवाला कळलं. स्क्रूचा डबा उगाच हलवला. मग हळू म्हणाला, "माय, गौरीला सांगू नको. माझ्यावर चिडलीच हाय, राहू दे. माझ्यावर चिडायची तिला सवय हाय. तुझ्यावर न्हाई."

पंखा घेऊनच घरी आला. चूक माझी आणि पांघरूण लेकाचं. सुनंदानं भाकरी वाढली, मी मोडून ठेवली.

८ मे
सकाळी लिंगपूजेला बसले. हातात गळ्यातलं लिंग, डोळ्यांपुढं झुंबराचं हाड. उठले आणि सुनंदाला म्हटलं, लाव फोन.

सांगितलं. पंखा लावला त्याच दिवशी घागर काढली, रोज घासली, रोज ओतली. आणि तू बापाला बोलत होतीस तेव्हा मी तिथंच होते.

गौरी एवढंच म्हणाली:

"मला विचारायचं होतंस."

"होय."

"झुंबर?"

"गेलं."

मग कामाचं बोलली, मास्तरणीसारखं. तांबं टाकीतल्या दगडांत मुरलेलं असतं, पाणी बदललं तरी झिरपत राहतं. करंजीला त्या टाकीतून बाहेर काढा. नवा टब, नवं मीठपाणी, जुना एकही दगड न्हाई. सगळं सांगून झाल्यावर "ठेवते" म्हणाली. "ठेवते, आजी" म्हणते ती नेहमी.

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ मे
महादेवानं दुकानातला पांढरा टब आणला. गौरीनं ठेवलेलं मीठ सुनंदानं मोजून कालवलं, डोळ्याला लावायच्या त्या नळीतून खारटपणा बघितला. पाणी ढवळणारी मोटर महादेवानं जोडली, दिवा टांगला, पंखा बसवला. वायर चार वेळा पुसली त्यानं.

करंजी मी हलवली. हातमोजे घालून, खालच्या हाडाला धरून. वजन काहीच न्हाई. सुनंदा म्हणते, "द्या माझ्याकडं." दिली न्हाई.

मासा जुन्या टाकीत एकटा. त्याला काही झालेलं न्हाई. त्याच्याकडं बघवत न्हाई.

१२ मे
मिटलेलीच. एका कडेनं हाड दिसतंय. गौरीचा फोन रोज येतो, सुनंदाच्या नावानं. मला "बरी आहेस ना" एवढं. बरी हाय म्हणते.

कमल विचारत होती, टाकी रिकामी कावून? म्हटलं, घरचं पाणी बाधलं.

१४ मे
आज गौरी म्हणाली, "आजीला दे." फोन कानाला धरला.

"आजी, तिच्या अंगात ताकद उरली नसणार. नुसत्या उजेडावर नाही भागायचं. संध्याकाळी दिवा बंद केल्यावर बघ, कडेनं बारीक तंतू बाहेर येतात का. आले तर भूक आहे. मग भरवावं लागेल."

"काय भरवू? सांग."

आवाज बारीक करून म्हणाली, "कोळंबी."

आपल्या लिंगायताच्या घरात आजवर अंडं फुटलं न्हाई. बाजारात सुकटवाली बसते त्या बाजूनं आम्ही पदर नाकाला लावून जातो.

"बाजारातली सुकट चालंल का?"

"खारवलेली नको. मी इथून वाळवलेली पाठवीन. चिमट्यानं तोंडाशी धरायची. पण तू नको करूस, आईला सांग."

म्हटलं, आईनं न्हाई ओतलं पाणी.

तिकडं हसल्यासारखं वाटलं. का रडली, कुणास ठाऊक. लाईन खराब होती.

१५ मे
संध्याकाळी दिवा बंद करून टबापाशी बसले. एका कडेला दोन-तीन बारीक तंतू, समईच्या वातीएवढे. दुसरी कड गप्प. सुनंदा म्हणते, "आत्याबाई, पाण्याच्या धारेनं हललं असेल." असंल. पण मी पुन्हा बघितलं.

महादेवानं कोळंबीचं ऐकलं. "माय, गळ्यात लिंग आणि हातात कोळंबी?"

म्हटलं, घागर ओतताना गळ्यात लिंगच होतं की.

चिमटा दुकानातून आणतो म्हणाला, प्लॅस्टिकचा.

सुनंदे, आता ह्या पानाचा फोटो काढून तिला धाड. मागची पानंही धाड, ती पहिली चष्म्याची सुद्धा.

गौरे, कोळंबी लवकर पाठव. डोकी काढून, ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक करून; मला तिचे डोळे दिसता कामा नयेत. पार्सलवर बापाचं नाव घालू नकोस, माझं घाल. आणि एका कडेपुरती नको, दोन्ही कडांना पुरंल एवढी पाठव.