जिभेला चिकटलेला थर

३ मार्च
आजपासून मी प्रयोगशाळेत! कोट दोन मापं मोठा आहे, तरी आरशासमोरून हलवेना. आईला वाचता येत नाही, म्हणून फोनवर सगळं समजावलं. समुद्रतळातून काढलेली चिकणमाती थराथरानं तपासायची. हवा उष्ण आणि ओली असली की खडक झिजून एका जातीची माती जास्त तयार होते. ती मोजली की कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वी कशी तापली ते कळतं. मागचं कळलं तर पुढच्यांना सावध करता येईल. आई म्हणाली, एवढी शिकलीस आणि शेवटी चिखलच का गं? मग म्हणाली, वीस तारखेला येते तुझा चिखल बघायला.

६ मार्च
प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी जुनी युक्ती शिकवली. मातीचा कण पुढच्या दातांत धरायचा. करकरला तर गाळ, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. अस्सल असली तर जिभेला चिकटते. तापलेल्या काळातला तांबडा थर आजच उघडला. पहिला मान नव्या मुलीचा, म्हणाल्या. लोण्यासारखाच लागला. शीतपेटीतून काढलेला, तरी कोमट.

१० मार्च
जिभेवरचा चिकटा जात नाही. पाणी कितीही प्यायलं तरी तहान तशीच. पोटात रांजण घेऊन आलीस का, असं मॅडम विचारतात. काही माती पाणी पिऊन फुगते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं.

१३ मार्च
खिडकीतल्या रोपाची पानं सकाळी पुसली. दुपारी जिथं बोटं लागली होती तिथं भुगा. तळहाताला भेगा पडल्यात, आटलेल्या तळ्यासारख्या. रक्त नाही. आत तांबडं, गुळगुळीत काहीतरी.

१६ मार्च
ताप आहे का बघायला मॅडमनी कपाळावर हात ठेवला. ओरडून मागे घेतला. त्यांचा हात सुकून काटकी झालाय. त्यांना दवाखान्यात नेताना एकच म्हणाल्या, कुणाला शिवू नकोस.
खोलीला आतून कडी घातलीय.

१८ मार्च
आईला फोन लावला. जीभ टाळूला चिकटलेली. आवाज फुटला नाही. धाकट्या भावाला निरोप लिहिला, तिला वाचून दाखव, मला बरं नाही, येऊ नको. त्याचं उत्तर – बरं नाही ऐकून आई उद्याच निघतेय.

१९ मार्च
आली. दार वाजवतेय. म्हणते, उघड गं, मी आहे, तापलीस ना, कपाळ बघू दे.
फटीखालून चिठ्ठी सरकवली. विसरलेच – ती वाचणार कशी –
म्हणते, बाळा, कागद कसले देतेस, बोल ना.
कडी निखळलीय, पाठीनं दार दाबून धरलंय. वही गुडघ्यावर. लाकूड तडकतंय. माझ्यामुळंच. जितकं दाबते तितकं –
सोडलं तर ती ढकलेल. धरलं तर –
फळी फुटली. फटीतून तिची बोटं. मला चाचपतेय –
आई, हात ला