लातूरच्या डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

अण्णा, तुमचे गुडघे मला वारशाने आले. बीपीही आलं. भोळेपणा तेवढा आला नाही. मी हल्ली कुणावरच विश्वास ठेवत नाही. मेडिकलवाल्याने गोळ्यांची पट्टी पुढे केली की उलटी करून वाचते. ही दुखण्याची का, बीपी असताना चालते का, किती दिवस घ्यायची, सगळं विचारते. "मॅडम, एवढं तर आम्हीबी वाचत न्हाई," असं उदगीरचा मेडिकलवाला म्हणाला. त्याला हसू आलं, मला नाही.

तुम्ही जळकोटला शाळेवर होतात तेव्हाची एक सकाळ आठवते. ओट्यापाशी उभे राहून तुम्ही तीन गोळ्या तळहातावर घेता. बीपीची आणि लघवी होण्याची लातूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या, गुडघ्याची गावातल्या डॉक्टरांनी. आई चहा पुढे करते. मी विचारते, ही तिसरी लातूरला सांगितली का? तुम्ही ओशाळता. "न्हाई गं. त्यांना वाटंल, ह्याचा आपल्यावर भरोसा न्हाई. अन् इथल्या डॉक्टरला लातूरचं सांगितलं तर त्याला वाईट वाटंल. दोघंबी लई माणुसकीचे हायत." दोघांचा मान राखत तुम्ही त्या गोळ्या वर्षानुवर्षं एकत्र गिळल्यात. त्यात पाणी कमी प्यायचात, तास सोडून उठायला नको म्हणून. मग पाय सुजले, धाप लागायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी आईला खडसावलं, "ह्या तिन्ही एकत्र कुणी दिल्या? किडन्या गेल्या, हार्टवर ताण आला." एकत्र कुणीच दिल्या नव्हत्या. मला तुमचा फार राग आला होता, अण्णा, आणि तो तुम्ही गेल्यावरही पुरता गेलेला नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मी घरातली माझी सगळी औषधं, तेलाच्या बाटल्यांसकट, पिशवीत भरून नेली आणि माझ्या डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. त्यांनी एकेक बघितलं. म्हणाले, "तुमच्या बीपीच्या औषधासंगं दुखण्यावरची असली जोरकस गोळी नको. आधी किडनीसाठी रक्त तपासू. तोवर पॅरासिटामॉल, वरून मलम, शेक, अन् मांडीचा व्यायाम. पाणी नीट प्या." सगळं पटलं. तरी जिना उतरताना वाटलं, हा माणूस आपल्याला साध्या गोळीवर कटवत तर नाही ना? ज्यांनी तुम्हाला दिली त्यांच्यावर संशय, आणि ज्याने मला दिली नाही त्याच्यावरही.

गुडघा रात्रंदिवस ठणकतोय. ती गुडघ्याची गोळी घेतली की थोड्या वेळात तुम्ही कसे ताठ चालायला लागायचात, शीळ घालत शाळेला निघायचात, तेच सारखं डोळ्यांपुढे येतं. ती तुम्हाला का सोडवली नाही, हे मला आत्ता कुठे कळतंय. परवा मी जिथे कुणी ओळखत नाही अशा मेडिकलमधून तीच गोळी मागून आणली. पट्टी अजून फोडलेली नाही. डॉक्टरांना सांगितलेलंही नाही. घरातल्या सगळ्यांच्या औषधांवर माझी नजर असते. माझी पर्स मात्र कुणी तपासत नाही.